पाहुणे आलेत

“आजच्या दिवस नाही गेलीस तर काय म्युझियम पडणार आहे का?” आई म्हणाली आणि खुर्ची पुसायला लागली. तीच खुर्ची तिने काल पुसली होती, परवाही पुसली होती. मावशी येणार म्हटल्यापासून घरातल्या खुर्च्यांचे नुसते हाल चालले होते.

“म्युझियम नाही पडणार, माझी नोकरी पडेल,” मी म्हणाले. “आज पाहुणे यायचेत तिकडे. साहेब म्हणाले, बाई, मेलात तरी चालेल, पण आज या.”

आईचा फडका थांबला. “पाहुणे? ते कशाला?”

“बघायला. हे शहर पहिल्यापासून त्यांचंच कसं आहे, ते त्यांना माझ्या तोंडून ऐकायचंय.”

“मग जा बाई. आणि कुणाच्या तोंडी लागू नकोस. विचारलं तेवढंच बोल.”

हे बाहेरच्या माणसाला नीट कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या शहरात ‘पाहुणे’ हा शब्द घरी चहाला येणाऱ्यांसाठी नाही. त्यांना आम्ही ‘माणसं’ म्हणतो. ‘आज आमच्याकडे माणसं यायचीत’ म्हटलं की शेजारीण कपबशा उसन्या देते. पाहुणे म्हणजे सध्या जे कोणी राज्य करत असतील ते. नदीच्या काठावर, दोन मुलखांच्या सांध्यावर बसलेलं आमचं गाव. किती जणांनी घेतलं आणि किती जणांनी सोडलं, त्याचा हिशेब ठेवायला बसलं तर डोकं फिरेल. आज ज्यांचं नाव घ्यावं ते उद्या गेलेले असायचे, आणि नवे येऊन विचारायचे, काय हो, तुम्ही त्यांचं नाव फार घेत होता म्हणे? तेव्हा कुठल्याशा शहाण्या पूर्वजाने हा तोडगा काढला असणार. असतील तोवर सगळे पाहुणे. एकदा गेले की मग त्यांना नाव मिळतं.

तशी बरीच नावं आहेत. मीठवाले होऊन गेले, घोडेवाले होऊन गेले, पूलवाले, भोंगेवाले. हे नवे आल्याला फार दिवस झालेले नाहीत आणि ते जाईपर्यंत त्यांना काय म्हणायचं ते ठरायचं नाही. नाव बरं पडावं असं त्यांनी अजून काही केलेलं नाही, फारसं वाईटही केलेलं नाही. एक गोष्ट मात्र केली. पूल उघडला.

पूर्ण नाही उघडला. पलीकडच्या म्हाताऱ्या माणसांना एका दिवसापुरतं इकडे सोडायचं ठरलं. सकाळी यायचं, आपल्या माणसांना भेटायचं, संध्याकाळच्या भोंग्याला परत पुलावर हजर. आणि तेही एकदाच. दुसऱ्यांदा नाव घालता येत नव्हतं, कारण मागे रांग केवढी तरी होती. इकडून तिकडे जायची सोय नव्हतीच. मावशीचा नंबर या आठवड्यात लागणार एवढं कळलं होतं. वार कुठला, ते ज्याचं त्याला सकाळी पुलावर गेल्यावरच समजायचं. सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही. आज बुधवार होता.

मावशी ही आईची धाकटी बहीण. तिचं सासर पुलापलीकडे, म्हणजे इथून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. भाजी चिरता चिरता मीठ संपलं तर ती इकडे मागायला यायची, असं आई सांगते. मग भोंगेवाल्यांनी एका सकाळी पूल बंद केला. मावशी त्या दिवशी सासरी होती, म्हणून सासरीच राहिली. मी तेव्हा फ्रॉक घालत होते. आता माझे गुडघे दुखतात.

आईच्या डोळ्यांना अलीकडे फारसं दिसत नाही. समोरचं माणूस म्हणजे तिला एक उभी सावली दिसते. कान मात्र तिखट आहेत. माझ्या पावलांवरून आज साहेबांशी खटका उडाला की नाही ते ओळखते. “तिचं तोंड मला दिसायचं नाही,” ती त्या सकाळी म्हणाली, “पण आवाज ऐकला ना, की बास. आवाज काही म्हातारा होत नाही माणसाचा.”

मी तिला चहा दिला, दाराशी खुर्ची मांडून दिली. दार सताड उघडं ठेवायचं तिने कबूल करून घेतलं, बहिणीला दार वाजवायला लागू नये म्हणून. मग समोरच्या शिंप्याकडे गेले. हा शिंपी आतल्या मुलखातून गेल्या हिवाळ्यात इथे आलेला, एकटाच होता, स्वभावाने गरीब. बोलायचा आपलीच भाषा. त्याच्या दुकानात फोन होता. आमचा फोन भोंगेवाल्यांनी ‘तपासायला’ नेला, तो अजून तपासताहेत.

“शिंपीदादा, आज कदाचित माझी मावशी येईल. म्हातारी आहे, घर सापडायचं नाही तिला, गल्लीचं तोंड बदललंय. जरा लक्ष ठेवाल?”

“अहो, डोळ्यांत तेल घालून बसतो. तुम्ही निर्धास्त जा. आल्या की आधी आजींना सांगतो, मग तुम्हाला फोन.”

माझा जीव भांड्यात पडला. माणूस मनापासून बोलत होता, आणि पुढे जे झालं तेही त्याने मनापासूनच केलं.

म्युझियम म्हणजे जुनं जकातघर. जाड भिंती, बारक्या खिडक्या, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात थडग्यासारखं थंड. तिथे मी लोकांना शहराचा इतिहास सांगते. ऑफिसात मला ‘टेप’ म्हणतात. बटण दाबलं की वाजते म्हणून. मला त्याचा राग येत नाही, खरंच आहे ते. एवढंच की कॅसेट अधूनमधून बदलते. कपाटं तीच, कपाटातल्या वस्तू त्याच, फक्त पाट्या बदलतात. आणि एक वाक्य प्रत्येक कॅसेटमध्ये असतंच. हे शहर मुळात यांचंच, मधे काही काळ ते चुकून दुसऱ्यांकडे गेलं होतं. ‘यांचंच’च्या जागी कोण ते बघून घ्यायचं.

साहेब दारातच उभे होते. नवा कोट, कपाळावर घाम.

“बाई, नवं पाठ केलंत ना?”

“केलं.”

“तटबंदी कोणी बांधली?”

“लोकांनी, स्वतःच्या रक्षणासाठी, उत्स्फूर्तपणे.”

“शाबास,” साहेब म्हणाले, आणि रुमालाने मान पुसली.

तटबंदी मीठवाल्यांनी बांधली. नदीच्या उतारावरून मीठ जायचं, ते चुकवून नेता येऊ नये म्हणून बांधली. उत्स्फूर्तपणे ती पाडायला मात्र लोक गेले होते एकदा, त्यातले काही परत आले नाहीत. हे मला माझ्या आजीने सांगितलं, तिला तिच्या आजीने. पाटीवर ते कधीच नव्हतं.

पाहुणे आले तेव्हा अकरा वाजून गेले असतील. आठ-दहा जण होते, एक फोटो काढणारा. प्रमुख पाहुणे म्हणजे, आता याला मी काय करू, ते खरोखरच प्रमुख पाहुणे होते. वयस्क, जाड भिंगांचा चष्मा, आणि नवे बूट चावत असावेत, कारण दर कपाटापाशी ते एक पाय सैल करून उभे राहायचे. मला त्यांची जरा कीवच आली. माझ्याही टाचा दुखत होत्या.

मी वाजायला लागले. ही तराजू, मीठ तोलायची. ही लोखंडी कडी, घोडे बांधायची. घोडेवाल्यांनी आमच्या शाळेत घोडे बांधले आणि मुलांना बाहेर झाडाखाली बसवलं, ही कडी तिथल्याच भिंतीतली. नव्या पाटीवर ‘प्राचीन अलंकार’ असं लिहिलंय. मी ‘अलंकार’ म्हणाले. घोडेवाले गेल्यावर मीठवाल्यांचे नातू परत आले आणि त्यांनी आधी घोड्यांची लीद काढायला लावली, मग तिच्यावर कर बसवला. मी म्हणाले, ‘हा पुनर्रचनेचा काळ.’ मग पूलवाले आले. त्यांनी पूल बांधला, एवढं एकच काम सगळ्या पाट्यांवर कायम राहिलेलं आहे, कारण पूल खिडकीतून दिसतो. नाही म्हणता येत नाही.

शेवटच्या खोलीत भोंगा ठेवलाय. पहिला, मूळचा. आता वाजतो तो नवा, विजेवरचा. हा हाताने फिरवायचा होता. त्याच्यापुढे उभी राहून दरवेळी मी तेच बोलते, ‘नागरिकांच्या सोयीसाठी वेळ कळवणारे यंत्र.’

भोंगेवाल्यांच्या राज्यात माझा मामा गेला. आईचा आणि मावशीचा थोरला भाऊ. तेव्हा दोघींची लग्नं व्हायची होती. भोंगा झाला की दारं बंद, दिवे बंद, आणि दार वाजलं तर उघडायचं नाही, हे सगळ्या गावाला पाठ झालेलं. तेव्हा भोंगेवाल्यांनी युक्ती काढली. रोजच्या दूधवाल्याला धरून दाराशी उभं केलं. तो बिचारा बाहेरून म्हणाला, “अरे, मी आहे, उघड.” ओळखीचा आवाज. मामाने उघडलं. तो पुन्हा कधी दिसला नाही. त्यानंतर आजीने दोघी मुलींना समोर बसवून वदवून घेतलं. पाहुणे गल्लीत आले असं कळलं की दार लावायचं, आणि मग बाहेरून कोणीही हाक मारो, उघडायचं नाही. “मी मारली तरी नाही,” आजी म्हणाली होती. “मी रडले तरी नाही.”

“एक विचारू का?” प्रमुख पाहुणे मला म्हणाले. “इथले लोक आम्हाला काय म्हणतात?”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्यामागे उभ्या शिपायाने छताकडे बघायला सुरुवात केली.

“पाहुणे म्हणतात, साहेब,” मी म्हणाले. विचारलं तेवढंच बोल, असं आईने सांगितलं होतं.

ते हसले. मनापासून हसले, लहान मुलासारखे. “पाहुणे! ऐकलंत?” ते बाकीच्यांकडे वळले. “याला म्हणतात जिव्हाळा. हे भाषणात घ्या.” कोणीतरी ते टिपून घेतलं. साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला.

तेवढ्यात ऑफिसात फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी दाराकडे बघितलं. साहेबांनी डोळे वटारले, माझ्यावर नाही, शिपायावर. शिपाई चवड्यांवर आत गेला, आणि आवाज बंद झाला. मला वाटलं त्याने उचलला. नंतर कळलं की रिसिव्हर काढून बाजूला ठेवला होता.

मग चहा झाला. फोटो झाले, एकदा सगळ्यांचे, एकदा तराजूपाशी, एकदा मी आणि प्रमुख पाहुणे ‘जिव्हाळ्याने’. मग भाषण झालं. मला दर थोड्या वेळाने वाटत होतं, जावं उठून. पण उठून जायची सवय मला कधी लागलीच नाही. गाड्या गेल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. साहेब म्हणाले, “बाई, आज तुम्ही लाज राखलीत,” आणि मी पिशवी उचलून निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच शिंपी उभा होता. गळ्यात मापाची टेप तशीच, चेहरा उतरलेला. मला बघितल्यावर तो दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थबकला.

“ताई, किती फोन केले तुम्हाला.”

“काय झालं? आईला काय झालं?”

“आजी ठीक आहेत. म्हणजे असाव्यात. आतच आहेत. ताई, तुमच्या मावशी आल्या होत्या.”

“होत्या म्हणजे?”

“गेल्या. आत्ताच गेल्या, अर्धा तास झाला असेल. भोंग्याच्या आत पुलावर पोचायला हवं म्हणाल्या. चालणं हळू त्यांचं.” त्याने गळ्यातली टेप काढून बोटांना गुंडाळली. “आजींनी दार उघडलंच नाही हो.”

मला काही समजेना. “दार तर उघडंच होतं. मीच उघडं ठेवून गेले.”

“होतं ना. आजी दारातच बसल्या होत्या. सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमाराला मला कोपऱ्यावर काठी घेतलेली एक बाई दिसली, सगळ्यांना घर विचारत होती. म्हटलं, याच त्या. मला इतका आनंद झाला, मी धावतच सुटलो, की आजींना आधी सांगावं. म्हटलं, ‘आजी, पाहुणे आलेत! पाहुणे आलेत गल्लीत!’”

“आणि आई?” मी विचारलं.

“तर त्या उठल्या, खुर्ची आत ओढली, आणि कडी घातली. मला वाटलं, साडी-बिडी, आपलं, कपडे नीट करत असतील. मग मावशी आल्या. वाजवलं, हाका मारल्या. मीपण मारल्या. म्हटलं, आजी, अहो तुमची बहीण आहे. काही नाही. आतून हूं की चूं नाही. मी घाबरलो, म्हटलं दार फोडू या. मावशी म्हणाल्या, थांबा, तुम्ही तिला काय सांगितलंत? मी म्हटलं, पाहुणे आलेत असं सांगितलं. ताई, त्या खाली बसल्या. एकदम पायरीवरच बसल्या. मला म्हणाल्या, ‘तुम्ही इथले नाही ना?’”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मी काय चुकीचं बोललो ते मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडे पाहुणे आले म्हटलं की लोक दार उघडतात.”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. एवढं एक वाक्य मी त्या दिवशी खरं बोलले. “मग?”

“मग बसून राहिल्या. दाराला पाठ लावून. मी पाणी दिलं, ते घेतलं. मी म्हटलं, तुम्हीच समजावून सांगा ना आतून ऐकत असतील तर. तर म्हणाल्या, ‘मी जेवढं सांगेन तेवढी तिची कडी घट्ट होईल. बरोबर करतेय ती. मी आत असते तर मीही उघडलं नसतं.’ तरी पण बोलत होत्या नंतर. दाराशीच, हळू आवाजात, बराच वेळ. मी दुकानात गेलो, ऐकणं बरं दिसेना. शेवटी उठल्या, दारावर हात ठेवला, आणि मला म्हणाल्या, तिच्या मुलीला सांगा, आईला रागावू नकोस.”

मी पिशवी त्याच्या हातात दिली आणि पळत सुटले. या वयात, या गुडघ्यांनी. पुलापर्यंतचा रस्ता उताराचा आहे हे नशीब. भाजीवाले गाळे आवरत होते, मला बघून एकाने विचारलं, “काय बाई, पाहुणे बदलले की काय?” मी थांबले नाही.

पुलाच्या तोंडाशी कठडा लावलेला. पलीकडे म्हाताऱ्यांची रांग चालत होती, चार-सहा शिपाई दोन्ही बाजूंनी. सगळ्या पाठमोऱ्या. पांढरे केस, वाकलेल्या पाठी, अंगावर शाली, हातात काठ्या आणि दिलेल्या वस्तूंच्या पिशव्या. मी मावशीला शेवटचं बघितलं तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती. यातली ती कुठली, मला कसं कळणार?

भोंगा वाजायला लागला. मी कठड्याला धरून जीव खाऊन ओरडले, “मावशी!”

पाच-सहा म्हाताऱ्या एकदम वळल्या.

सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या मावश्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आशेने बघितलं, आणि मी कोणाकडे बघावं ते मला कळेना. मी हात वर केला. त्यांच्यातल्या काहींनी हात वर केला. मग शिपाई म्हणाला, “चला आजी, चला,” आणि रांग पुन्हा पुढे सरकली. भोंगा थांबला तेव्हा पूल रिकामा होता.

घरी आले तर दार उघडं. भोंगेवाले भोंग्यानंतर बाहेर पडायचे, हे नवे पाहुणे मात्र संध्याकाळच्या भोंग्याला आपापल्या जागी परततात, म्हणून आईने स्वतःच कडी काढली होती. टेबलावर तिने दोन ताटं मांडली होती, स्वतःचं आणि मावशीचं, दोन पेले, मधे झाकून ठेवलेलं जेवण. आई खुर्चीत ताठ बसलेली. दमलेली होती, पण चेहऱ्यावर एक तेज होतं, लढाई जिंकून आल्यासारखं.

“आलीस? धडधाकट आहेस ना? तुझ्याकडून इकडेच आले वाटतं ते.”

“कोण, आई?”

“कोण म्हणजे? पाहुणे. सकाळीच आले. शिंप्याने ओरडून सांगितलं म्हणून वाचले. भला माणूस, पण मग त्यालाच धरला त्यांनी. तोही लागला बाहेरून, बहीण आहे, उघडा म्हणून. काय करेल बिचारा, दूधवाल्याने तरी दुसरं काय केलं.” ती पुढे वाकली. “आणि तुला सांगते, हुशार झालेत हे. भोंगेवाल्यांपेक्षा हुशार. आवाज काढला तो कुणाचा? तिचा. अगदी हुबेहूब. शब्दांच्या शेवटी ती सुस्कारा टाकायची ना, तो सुद्धा.”

मी खाली बसले.

“मी दाराला पाठ लावून बसले होते. हलले नाही. तोंडावर असा हात धरून ठेवला, उगाच आवाज निघायला नको. काय काय सांगत होते गं. नवरा गेला म्हणे तिचा, गेल्याला बरेच दिवस झाले. मुलगा दूर असतो. जिना चढवत नाही. दादाची स्वप्नं पडतात म्हणाले. आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो आणि मी ते ओढून घ्यायची, ते पण माहीत त्यांना.” आईने हाताने दाराकडे दाखवलं. “एवढं कुठून कळतं गं यांना?”

मी वीस वर्षांहून जास्त काळ लोकांसमोर उभी राहून काय काय बोलत आले. तटबंदी उत्स्फूर्त म्हणाले, कडीला अलंकार म्हणाले, आणि ते बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. आता अडखळली. सांगावं तर आज तिच्या पाठीला बहिणीची पाठ लागली होती, मधे बोटभर लाकूड, आणि ती दिवसभर तशी बसली होती, हे तिला जन्मभर पुरलं असतं. न सांगावं तर ती रोज वाट बघणार. मावशीला तर पुन्हा येता येणारच नव्हतं.

“त्यांना सगळं माहीत असतं, आई,” मी म्हणाले.

“तेच म्हणते मी.” तिने चाचपून टेबलावरचा पेला सरळ केला. “शेवटी रडले. तिच्यासारखंच, नाक ओढत. तेव्हा माझा हात गेला होता कडीवर. मग आईचं बोलणं आठवलं. रडले तरी नाही.”

“चांगलं केलंस.”

“बरं झालं ती आज आली नाही. नेमकी सापडली असती त्यांच्यात.”

“हो.”

बाहेर शिंप्याने दुकानाची फळी लावल्याचा आवाज आला. आईने मान त्या दिशेला वळवली, मग माझ्याकडे. तिला माझा चेहरा दिसत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तो फिरवला.

“ती नव्हतीच,” आई म्हणाली. आणि मग, खूप हळू, “नव्हती ना?”

“नव्हती.”

माझ्या आवाजात तिला काय ऐकू आलं असेल, मला ठाऊक नाही. ती टेबलाला धरून उठली, चाचपडत त्या दुसऱ्या ताटापाशी गेली आणि ते उचललं. ताट कोरडं होतं, कुणी त्याला हात लावलेला नव्हता. मोरीपाशी नेऊन तिने ते घासलं, पुन्हा पुन्हा घासलं, निथळलं, पदराच्या टोकाने दोन्ही बाजूंनी पुसलं, आणि फळीवर इतर ताटांच्या खाली, अगदी तळाशी ठेवून दिलं.